तेल प्यालेलं धनुष्य

माझं नाव अमरसिंह. नावावर जाऊ नका. मी शाहूपुरीत एका विमा कचेरीत क्लेमच्या टेबलावर बसतो, आणि त्या टेबलावर अर्धं आयुष्य काढलेला माणूस शूर राहूच शकत नाही. जिन्यावरून पडलेले, गीझरनं भाजलेले, म्हशीनं ढकललेले, सगळे शेवटी आमच्याकडंच येतात. त्यामुळं घरात कुणी स्टुलावर चढलं की माझ्या डोळ्यांपुढं आधी क्लेमचा फॉर्म येतो, माणूस नंतर दिसतो. अशा माणसानं घरच्या घरी धनुष्य करायला घेणं म्हणजे आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं. मी तो पाडून घेतला, आणि तोही बायकोसाठी.

प्रियदर्शनी हायस्कुलात भूगोल शिकवते. मागल्या वर्षी तिचा खांदा आखडला. डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला. तिला भिंतीचा कंटाळा आला आणि ती थेट धनुर्विद्येच्या मैदानावर जाऊन उभी राहिली. खांदा सुटला, पण धनुष्य काही सुटलं नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी हौशी महिलांची जिल्ह्याची स्पर्धा होती, लाकडी धनुष्याच्या गटात हिचं नाव लागलं, आणि नेमकं तेव्हाच क्लबचं लाकडी धनुष्य शेंड्याला चिरलं. नवीन मागवायचं तर ते स्पर्धा उरकल्यावर येणार होतं.

मैदानावर सगळ्या बायका चेहरे पाडून बसल्या होत्या. मी स्कूटर घेऊन हिला न्यायला आलो होतो आणि कडेला उभा राहून भेळ खात होतो. तिथं मला सगळे ‘मॅडमचे मिस्टर’ म्हणून ओळखतात, म्हणजे ओळखत नाहीत. कुणी काही विचारलं नसताना मी म्हणालो, ‘त्यात काय, लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या. मी करतो की.’

असं का म्हणालो, ते मला आजही सांगता येणार नाही. भेळ तिखट होती, एवढं आठवतं. पण प्रियदर्शनीनं माझ्याकडं वळून बघितलं. लग्न ठरायच्या वेळी बघितलं होतं तसं. मधल्या काळात ती नजर तिनं कुठं ठेवली होती कोण जाणे.

‘कराल? खरंच?’ तिनं विचारलं.

आता ‘नाही’ म्हणायची वेळ गेली होती.

मंगळवार पेठेत एखादी गोष्ट गुपचूप करायची सोय नाही. मी मोबाईलवर बघून बघून शिकलो ते एवढंच, की धनुष्य ओढलं की त्याच्या पाठीला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, ताण बसतो आणि पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दबतं. म्हणून पाठीला ताण सोसणारं लाकूड, पोटाला दाब सोसणारं लाकूड, मध्ये बांबूची पट्टी, आणि तिन्ही गोंदानं एकजीव करायच्या. हे मी फक्त शेजारच्या जोतीराम वस्तादांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या दूधवाल्यानं मला विचारलं, पाठीला काय घेतलंसा?

जोतीराम वस्ताद म्हणजे जुने पैलवान. गुडघे गेले, पण सल्ला शाबूत आहे. त्यांच्या मते जगातल्या कुठल्याही अडचणीला दोनच उपाय, खुराक आणि मालीश. त्यांनीच पाठीला धामणीचं लाकूड सुचवलं. धामण हे झाड आहे, साप नव्हे, हे मला प्रियदर्शनीच्या आईला फोनवर तीनदा समजवावं लागलं. कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा करतात, तो वाकतो पण तुटत नाही. गगनबावड्याकडच्या मेहुण्यानं एक चांगला वाळलेला दांडका पाठवला आणि तो घेऊन मी मौलालीकडं गेलो.

मौलाली आमच्या भागातला फर्निचरवाला. कामाला चोख, पण स्वतःच्या कामावर त्याचं जेवढं प्रेम आहे तेवढं आजवर मी कुणाचं कशावरही बघितलेलं नाही. दांडक्याच्या पट्ट्या काढून देईतोवर त्यानं मला आपली तीन मॉड्युलर किचन मोबाईलवर दाखवली. धनुष्य त्यानं जन्मात केलं नव्हतं, पण ते त्याला अडचणीचं वाटलं नाही. वरून सनमायका मारू, वाळवी लागणार नाही, असं तो शेवटपर्यंत म्हणत होता. मी नको म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. तरी त्यानं रंधा मारून पट्ट्या अशा गुळगुळीत करून दिल्या की हातातून सुटत होत्या. आवळायचे शिकंजेही देतो म्हणाला. फक्त खंडेनवमीला सगळी हत्यारं कारखान्यात पूजेला लागतात, म्हणून शिकंजे दसऱ्याला सकाळी मिळाले.

मधल्या काळात वस्तादांनी मला एक गोष्ट सांगून माझी झोप घालवली. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली होती. आचारसंहितेत हत्यारं पोलिसांत जमा करायची असतात, असं ते म्हणाले आणि शांतपणे पानाला चुना लावू लागले.

आता शहाणा माणूस गप्प बसला असता. पण मी क्लेमचा माणूस. आधी कळवलं नव्हतं म्हणून किती जणांचे क्लेम मी स्वतः नाकारलेत. मी चौकीत गेलो आणि हवालदारांना विचारलं, की धनुष्य, म्हणजे अजून न झालेलं धनुष्य, हत्यारात धरतात काय.

हवालदारांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

‘पावणं, रामाला कुणी लायसन मागितलं हुतं काय?’

मी नाही म्हणालो. पण मी ‘लेखी मिळेल का’ असंही म्हणालो, आणि तिथं चुकलं. लेखी म्हटल्यावर त्यांना माझा संशय आला. नाव, पत्ता लिहून घेतला गेला, आणि दुसऱ्या दिवशी ते चौकशीला घरी आले. सगळी गल्ली गॅलरीत. हवालदारांनी चहा घेतला, तिन्ही पट्ट्या वाकवून बघितल्या, बांबू आमच्या गावाकडचा घ्यायला पाहिजे होता म्हणाले, आणि गेले. गल्लीत मात्र दोन दिवस माझ्याबद्दल चर्चा होती. ‘अमरसिंगांकडं पोलिस आलते’ एवढंच वाक्य पुढं जात होतं, धनुष्य मागं राहत होतं. कचेरीत साहेबांनीही मला केबिनमध्ये बोलावून, काही अडचण असेल तर सांगा, असं हळू आवाजात म्हटलं. माझ्या सबंध नोकरीत त्यांनी माझ्याशी इतकं मायेनं बोलण्याची ती पहिलीच वेळ.

खंडेनवमीला आमच्याकडं पूजा मांडली. विळी, सुरी, पाना, प्रियदर्शनीचे बाण, माझी कचेरीतली पंचिंग मशीन, आणि सगळ्यांच्या मधोमध त्या तीन पट्ट्या, हळदकुंकू लावलेल्या. त्या दिवशी हत्यार हलवायचं नाही, काम करायचं नाही, म्हणून आम्ही दोघं दुपारी हिच्या बहिणीकडं जेवायला गेलो. घराची किल्ली नेहमीप्रमाणं वस्तादांकडं.

दसऱ्याला, साडेतीन मुहूर्तांतल्या मुहूर्तावर, मी गोंद कालवला. पट्ट्या हातात घेतल्या तर काय, अशा चकाकत होत्या की मला भरून आलं. पूजेचं तेज, असं मी मनाशी म्हणालो. शिकलेला माणूस कधी कधी असं म्हणतो. गोंद लावला, शिकंजे आवळले, शिकंजे पोचत नव्हते तिथं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. प्रियदर्शनी शेजारी बसून कात्री, फडकं, पाणी देत होती. आमच्या घरात आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते कितीतरी दिवसांतलं पहिलं काम. सकाळ फार चांगली गेली.

संध्याकाळी वस्ताद सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात ठेवली, गळाभेट झाली, आणि त्यांनी विचारलं, ‘कशा दिसत हुत्या पट्ट्या?’

मी म्हणालो, झकास.

‘दिसणारच की. काल आलतो, बघितलं तर सगळी हत्यारं तेलपानी करून बसलेली आन ही बिचारी कोरडी. म्हटलं लाकूड झालं म्हणून काय झालं, त्येला उद्या वाकायचं हाय. तेल जिरवल्याबिगर अंग वाकतंय व्हय? अर्धी बाटली जिरवली बगा. चांगली मुरस्तवर चोळली.’

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तालमीत त्यांनी त्या हातांनी केवढाले पैलवान घडवले होते. मी त्यांना बासुंदी दिली.

मग गॅलरीत जाऊन मौलालीला फोन लावला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा, एखाद्याच्या लाकडाला चुकून तेल लागलं, तर गोंदाचं काय होतं?

‘कुनाच्या?’ मौलाली म्हणाला.

एका ओळखीच्याच्या, म्हणालो.

‘धरल्यागत करतंय साहेब. वरनं बघितलं तर धरलंय असंच वाटतंय. पन जोर पडला की सोडतंय. त्या ओळखीच्याला सांगा, फेकून दे म्हनावं.’

पाठीची पट्टी ताणाखाली सुटली तर कुठं जाते, हे मी मोबाईलवर बघितलं होतं. ती ओढणाऱ्याच्या तोंडावर येते. तोंडावर म्हणजे डोळ्यावर, आणि डोळ्याच्या क्लेमची कागदपत्रं मला तोंडपाठ आहेत.

सांगायला हवं होतं. सांगायलाच आत गेलो होतो. तर प्रियदर्शनी फोनवर शबनूर मॅडमशी बोलत होती. शबनूर मॅडम म्हणजे तिची कोच, वयानं हिच्या विद्यार्थिनींएवढी, आणि अशी कडक की मैदानावर मीही तिच्यापुढं पोट आत घेऊन उभा राहतो. इचलकरंजीच्या मैत्रिणीचं धनुष्य मागून आणू का, असं ती पलीकडून विचारत होती. प्रियदर्शनी म्हणाली, ‘नको गं. माझ्या नवऱ्यानं केलंय.’

सांगा आता. त्या वाक्यानंतर कुठला नवरा आत जाऊन तेलाचं सांगेल?

मी माझ्या मनाची समजूत घातली, की मौलाली सगळ्यालाच फेकून द्या म्हणतो, म्हणजे नवीन करून घेतील. शिकंजे काढले तर धनुष्य एकजीव दिसत होतं. कानस मारली, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते भिंतीवरच्या खुंटीला टांगून बघितलं, दोरी चढवली. काही झालं नाही. कडेला एक केसाएवढी रेघ होती, ती लाकडाची असेल म्हटलं. तरी जिथं तिथं दोरा गुंडाळून घेतला. दोऱ्यानं फार सुंदर दिसायला लागलं, आणि प्रियदर्शनीला वाटलं मी नक्षी केली.

सरावाच्या दिवसांत माझी भूक गेली. ती दोरी ओढायची आणि मी डोळे मिटायचो. धनुष्य कुरकुर करायचं. नवीन चप्पल करते तसं, असं ती म्हणायची. मी तिला हेल्मेट घालून नेम धरायला सुचवलं. गॉगल सुचवला. उन्हाचं निमित्त करून सरावच रद्द करायला सुचवलं. शबनूर मॅडमनी मला बाजूला घेऊन, सर, तुम्ही इथं थांबलात की मॅडमचा नेम हलतो, असं स्पष्ट सांगितलं. मी स्कूटरजवळ जाऊन थांबलो. तिथून कुरकुर ऐकू येत नव्हती, त्यानं तर जीव आणखीच खालीवर होऊ लागला. रेघ आता केसाएवढी राहिली नव्हती. सुतळीएवढी झाली होती.

रविवार उजाडला. वस्ताद डोक्याला पटका बांधून स्कूटरच्या आधी मैदानावर हजर. आधी साहित्याची तपासणी होती. टेबलावरच्या गृहस्थांना धनुष्याशी काही देणंघेणं नव्हतं, रकाने भरायचे होते. उत्पादक कंपनी? नाही, म्हणालो. कंपनी नाही असं चालत नाही, म्हणाले. पाठीमागं रांग वाढत होती. माझ्या मनात आलं, की हाच देव पावला, इथंच नाकारू देत, कुणाला काही सांगायची वेळ न येता सगळं सुटेल. मी त्यांना नियम किती महत्त्वाचे असतात हे सांगायला लागलो होतो. तेवढ्यात प्रियदर्शनी पुढं झाली आणि म्हणाली, ‘लिहा. अमरसिंह घाटगे, मंगळवार पेठ.’

त्यांनी लिहिलं. मग ‘तपासले’ असा गोल कागदी शिक्का काढला, जीभ लावली आणि धनुष्यावर डकवला. सबंध धनुष्यावर चार फूट जागा मोकळी असताना तो शिक्का नेमका त्या रेघेवर बसला. अधिकृत शिक्के अशाच जागी बसतात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

आता रेघ दिसायची बंद झाली. मैदानाला बांधलेल्या दोरीच्या अलीकडं मी प्रेक्षकांत उभा होतो. प्रियदर्शनीनं पहिला बाण सोडला. लागला कुठंतरी. दुसरा सोडला, तो बऱ्यापैकी आत गेला, वस्तादांनी शड्डू ठोकला. मी मोबाईलचा कॅमेरा मोठा करून त्या शिक्क्याकडं बघत होतो. तिसरा बाण सुटला आणि माझ्या डोळ्यांदेखत तो कागद मधोमध फाटला. ‘तपा’ एका बाजूला, ‘सले’ दुसऱ्या बाजूला. ती चौथा बाण लावत होती.

मी दोरी ओलांडली आणि पळत सुटलो. मी शेवटचा कधी पळालो होतो ते मला आठवत नाही. शिट्ट्या वाजायला लागल्या, शबनूर मॅडम ओरडल्या, आणि मी प्रियदर्शनीचा हात धरला.

‘ओढू नको,’ मी म्हणालो. ‘ते सुटतंय. त्यात तेल आहे.’

सगळं मैदान थांबलं. तिला काहीच कळेना. मग मी धापा टाकत वस्ताद, बाटली, मौलाली, रेघ, सगळं सांगून टाकलं. जिल्ह्यातल्या सगळ्या तिरंदाज बायकांनी ते ऐकलं.

‘दसऱ्यापासून माहीत होतं?’ तिनं विचारलं.

‘हो.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘तू सगळ्यांना सांगत होतीस, माझ्या नवऱ्यानं केलंय म्हणून. ते ऐकायला मला फार बरं वाटत होतं.’

तिनं बाण काढून भात्यात ठेवला.

शबनूर मॅडमनी लगेच इचलकरंजीच्या मैत्रिणीला हाक मारली. तीही स्पर्धेला आली होती आणि तिचे बाण मारून झाले होते, ती आपलं धनुष्य घेऊन पळत आली. पण पंच आडवे आले. साहित्य मोडलं असेल तरच बदलता येतं, म्हणाले, मोडेल या संशयावर बदलायची नियमात सोय नाही. धनुष्य मोडलंय का? नाही. मग याच धनुष्यानं खेळा, नाहीतर बाहेर व्हा.

त्यांच्यावर मी रागावू शकलो नाही. ‘नुकसान झाल्यावर या’ हे मी शाहूपुरीत रोज कुणाला ना कुणाला सांगतो. प्रियदर्शनीकडं बघितलं तर ती बोटांची कातडी पट्टी सोडायला लागली होती, म्हणजे ती बाहेर व्हायला निघाली होती. भिंतीवर बोटं चढवण्यापासून इथवर ती आली होती, आणि माझ्यामुळं तीन बाणांत परत निघाली होती.

मी तिच्या हातातलं धनुष्य घेतलं.

‘मी मोडतो,’ म्हणालो. ‘सगळ्यांनी मागं व्हा.’

आयुष्यात मी धनुष्य कधी ओढलेलं नव्हतं. चष्मा वर सरकवला, दोरी धरली, ओढली. छातीपर्यंत आली. काही झालं नाही. मी सोडून दिली. पंच घड्याळाकडं बघायला लागले. पुन्हा ओढली. एरवी कुरकुरणारं ते धनुष्य आता एका शब्दानं बोलेना. घाम डोळ्यांत उतरत होता, आणि दोरीपलीकडनं वस्तादांचा आवाज आला, ‘अमरसिंग, दम धर, कोपर वर घे, कानापतूर आन!’

मी डोळे मिटले आणि कानापर्यंत आणली.

जो आवाज झाला तो मी नीट ऐकलाच नाही, कारण पट्टी त्याच कानावर आली. डोळे उघडले तेव्हा मी आडवा होतो, वर आभाळ होतं, आणि पंच वाकून, समाधानानं, कागदावर ‘मोडले’ असं लिहीत होते. प्रियदर्शनी माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि ओढणी कानाला दाबत होती. मी तिला जा म्हणालो. ती जाईना. मी म्हणालो, एवढं करून तू नाही गेलीस तर मी ह्याचा क्लेम कुणाकडं करू? तेव्हा ती उठली.

उरलेले बाण तिनं इचलकरंजीच्या धनुष्यानं मारले. तिचा नंबर यादीत खालून मोजला तर लवकर सापडत होता. पण शेवटचा बाण मधोमधच्या पिवळ्या वर्तुळात बसला आणि तो मी बघितला, उघड्या डोळ्यांनी.

मग दवाखाना. डॉक्टर टाके घालत होते, बाहेर बाकावर वस्ताद डोकं धरून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, तेल चांगलंच होतं, असं सांगत होते. प्रियदर्शनी शेजारच्या स्टुलावर धनुष्याचे तुकडे मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो. ती सुटलेल्या पट्टीवरून बोट फिरवत होती, गोंद कुठं धरला होता, कुठं नव्हता, ते बारकाईनं बघत होती.

‘पुढचं मी करणार,’ ती म्हणाली. ‘आणि मी हातात धरायच्या आधी तुम्ही ओढून बघायचं. दर वेळी.’

मला व्यवस्थित ऐकू आलं होतं. तरी मी बँडेजवर हात ठेवून, या कानानं नीट ऐकू येत नाही, परत सांग, असं म्हटलं. तिनं डॉक्टरांसमोर, मोठ्यानं, परत सांगितलं.